मुकी रेकॉर्ड

माझ्या वडिलांना प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरवर निळ्या शाईने तिचं काम लिहून ठेवायची सवय होती. हळद. वरात. पाठवणी. सत्यनारायण. पंधरा ऑगस्ट. गाणं कुणी गायलं, सिनेमा कोणता, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. मांडवात ऐनवेळी हात बरोबर रेकॉर्डवर पडला पाहिजे, एवढंच ते पाहत. केशोरीच्या बाजारचौकात त्यांचं माईकसेटचं दुकान होतं आणि आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांत त्यांचेच भोंगे वाजत. त्या साठ-सत्तर रेकॉर्डांमध्ये एकाच कव्हरवर त्यांनी लिहिलं होतं : मुकी.

ती त्यांना गोंदियात मिळाली. रेल्वेतले कुणी साहेब बदली होऊन निघाले होते, सामान हलकं करत होते. वडिलांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी त्यांच्याकडून रेकॉर्डांचं अख्खं खोकं उचललं, त्यात तळाशी ही निघाली. कव्हरवर चार माणसं एका बंद शटरसमोर उभी आहेत. तिघं कॅमेऱ्याकडे बघतात. चौथा बाजूला बघतो, रस्त्यावरून कुणी हाक मारल्यासारखा. लिहिलेलं सगळं इंग्रजीत. वडिलांनी घरी आणून ती लावली, गाणं सुरू व्हायची वाट पाहिली, आणि कुणी गाईचना तेव्हा सुई उचलून ठेवली. ‘वाजवून राह्यले, वाजवून राह्यले, गात कोनीच नाही,’ असं ते मला पुढे सांगायचे. फसवलं गेल्याचा राग त्यांच्या आवाजात तेव्हाही असायचा.

मग त्यांनी तिला एक काम शोधून दिलं. लग्नाच्या सकाळी भोंगे बांधून झाले की आवाज तपासावा लागतो. सिनेमाचं गाणं लावलं तर पोरंटोरं गोळा होतात, हे लावा ते लावा सुरू होतं. मुकी लावली की कुणी फिरकत नाही. म्हणून टेस्टिंगला ती. सुरुवातीला जाड आवाजाची गिटार धुम् धुम् करत यायची, तिच्यामागून ड्रमवर हलकी टिकटिक, मग एक बारीक गिटार दोनदा काहीतरी विचारल्यासारखी वाजायची. तेवढ्यात वडिलांचं बटणं फिरवून व्हायचं. मी शेवटच्या भोंग्याखाली, कधी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तर कधी शाळेच्या पटांगणाच्या टोकाला उभी असायचे. आवाज नीट आला की हात वर करायचा. मी हात वर केला की ते सुई उचलायचे.

अर्धा मिनिट. माझ्या लहानपणातली किती लग्नं त्या अर्ध्या मिनिटाने सुरू झाली, मोजता येणार नाही. झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तरी मी तो अर्धा मिनिट तोंडाने वाजवून दाखवला असता. त्याच्यापुढे काय आहे, हे मात्र ना वडिलांना माहीत होतं ना मला. त्याच्यापुढे काही असेल असं मनातही आलं नाही.

नंतर कॅसेट आल्या, सीडी आल्या, पेनड्राइव्ह आला. रेकॉर्डा लोखंडी पेटीत गेल्या. वडील गेले आणि दुकान मी चालवायला घेतलं. मी एकुलती एक. लग्न गावातच झालेलं, नवरा शेती बघतो. बाईमाणूस मांडवात वायर ओढते म्हणून लोक पहिलं वर्षभर बघत उभे राहायचे, मग तेही कंटाळले. आता माझ्याकडे चांगला मिक्सर आहे, मोठे बॉक्स आहेत, दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, सीझन आला की जेवायला वेळ मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली आणि दुकानात माशा मारायची वेळ आली. सहज वडिलांचा जुना रेकॉर्डचेंजर काढला. आतलं रबरी चाक कडक होऊन बसलं होतं. ते पॉलिशपेपरने घासलं, तेल घातलं, सुई शोधली. फिरायला लागला तसा हात आपसूक लोखंडी पेटीत गेला आणि मुकी बाहेर आली. टेस्टिंगला दुसरं काही लावायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

धुम् धुम् सुरू झालं. टिकटिक आली. बारीक गिटारीने दोनदा विचारलं. आणि नेमका फोन वाजला. चोरखमाऱ्याकडचा एक गणपती मंडळवाला होता, तारीख पक्की करायला. दुकानात रेंज येते-जाते म्हणून मी बाहेर रस्त्यावर आले. दोन-तीन मिनिटं बोलले असेन. फोन ठेवला आणि वळले, तर दुकानातून काहीतरी येत होतं.

आधी मला वाटलं, शेजारच्या सलूनमध्ये रेडिओ लावलाय. मग समजलं, की सुई उचलायला कुणी नव्हतं.

ऑर्गन होता तो. आमच्या भागात ऑर्गन म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांवर आम्ही वाढलो, स्टेजसमोरच्या खड्ड्यात ऑर्गनवाला पायाने भाता चालवत बसलेला असतोच. पण असा ऑर्गन मी ऐकला नव्हता. एकच सूर धरून तो थांबला होता. बाकीचे तिघं त्याच्याखालून चालत होते आणि हा नुसता वर उभा. सोडेल सोडेल वाटत होतं आणि सोडत नव्हता. माझ्या हातातला फोन तसाच. मग त्याने सूर सोडला आणि खाली उतरत आला, सावकाश, एक-एक पायरी बघत, आणि खाली आल्यावर त्या बारीक गिटारीला उत्तर दिलं. जिचा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत होते, तिला.

मी दारात उभी होते ती पूर्ण बाजू संपेपर्यंत तशीच उभी राहिले. एक बाई मोबाईलचा चार्जर मागायला आली होती, तिला हातानेच थांब म्हटलं. तीही थांबली. तिला काय वाटलं कोण जाणे.

बाजू संपल्यावर रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. कडेची काडीएवढी पट्टी घासून पांढुरकी झालेली, ओरखड्यांनी भरलेली. त्याच्या आत मात्र सगळी काळी कुळकुळीत, पिकल्या जांभळासारखी चकाकती. तिथे आजच्याआधी सुई गेल्यासारखं दिसतच नव्हतं. एवढी वर्षं ती आमच्या घरात होती, बैलगाडीतून, मग मेटॅडोरमधून गावोगाव हिंडली, आणि आम्ही तिला दरवेळी दारातूनच परत पाठवलं होतं. मला वडिलांची फार आठवण आली. त्यांचा राग नाही आला. पण त्यांनी एकदा, एका तरी सकाळी, जरा उशीर करायला हवा होता असं वाटलं.

बाजाराच्या दिवशी मास्तर आले.

मास्तर म्हणजे ऑर्गन मास्तर. गोंड समाजातले, केशोरीपासून जंगलाकडे सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान, आणि दिवाळी झाली की चार महिने नाटकांबरोबर ऑर्गन. बोट धरून कुणी शिकवलं नाही. वडसाच्या एका नाटक मंडळात सामान उचलायला गेले आणि पेटी, म्हणजे ऑर्गन, वाजवायला लागले. कंपन्यांनी कीबोर्ड आणल्यावर ते घरी बसले. बाजाराला येतात तेव्हा माझ्या दुकानात चहा पितात, कारण वडिलांच्या वेळी प्यायचे. आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, पण कान असे की मिक्सरवरची गुणगुण मला ऐकू यायच्या आधी ते सांगतात.

मी काही न बोलता रेकॉर्ड लावली. मास्तर चहा बशीत ओतून फुंकत होते. ऑर्गन आला तशी बशी खाली ठेवली.

‘कोन वाजवून राह्यला?’

‘माहीत नाही मास्तर. अमेरिकेतले आहेत वाटते.’

‘पेटी विजेवरची आहे,’ ते म्हणाले. ‘पन बघ, हवा पायानं सोडल्यासारखी सोडते. घाई नाही करत.’

दुसरं वादन सावकाश चालीचं होतं. त्याच्या मध्यावर मास्तरांनी एकदम हात वर केला. ‘थांब. मांगं घे.’

मी सुई मागे घेतली. पुन्हा तीच जागा आली. पुन्हा हात. ‘मांगं घे.’

असं तीन वेळा झालं. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, ‘काय झालं सांगा तर खरं.’

‘हा बारीक गिटारवाला इथं चुकला,’ मास्तर म्हणाले. ‘एक सूर वर गेला. जायले नाही पायजे होता. त्याले पन समजलं, म्हनून लगेच दबला. ऐकलं?’

‘मग?’

‘मंग पेटीवाल्यानं काय केलं ते बघ. त्यानं थोडा टाइम जाऊ देला. आनि मंग तोच सूर, तसाच चुकीचा, आपन होऊन वाजवला. दोनदा वाजवला.’ मास्तर माझ्याकडे बघत होते. डोळे भरलेले नव्हते, मोठे झालेले होते. ‘आता सांग, ते चूक राह्यली का?’

चौथ्यांदा लावल्यावर मला ऐकू आलं. गिटारीचा तो चुकार सूर, त्याच्यानंतरचं दचकल्यासारखं गप्प होणं, आणि मग ऑर्गनने तोच सूर उचलून वर धरणं, की हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं. त्यानंतर गिटार जी मोकळी झाली, ती शेवटपर्यंत. कव्हरवरच्या सालावरून साठच्या दशकात, मी जन्मायच्या आधी, कुठल्या तरी खोलीत एका माणसाने दुसऱ्याला सांभाळून घेतलं होतं, आणि ते केशोरीच्या बाजारचौकात पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. बाहेर मिरची-कांद्याचा आरडाओरडा चालू होता.

‘नाटकात नटी गाता गाता सुरातून घसरली,’ मास्तर म्हणाले, ‘की आपन पेटी तिच्यासंगं खाली न्यायची. लोकाले वाटते, बाई मुद्दामच उतरली. टाळ्या मारतेत. मी किती जनीले असं उचललं, त्यायले सुदिक मालूम नाही.’ मग म्हणाले, ‘मले वाटे, हे एकट्या मलेच मालूम आहे.’

त्यांचा चहा गार झाला होता. मी दुसरा मागवला, तोही गार झाला.

पुढचे चार-पाच बाजार असेच गेले. मास्तर सकाळच्या पहिल्या गाडीने यायचे, बाजार बायकोच्या यादीप्रमाणे घाईघाईत उरकायचे आणि मुकीसमोर बसायचे. प्रत्येक वेळी त्यांना नवीन काही सापडायचं. इथे ड्रमवाल्याची खुर्ची करकरली. इथे कुणीतरी हसलं, लांबून, तोंड दाबून. या वादनात जाड गिटारवाला थकलेला आहे, या वादनाच्या आधी त्यांनी जेवण केलं असेल. मला शेवटचं काही पटायचं नाही, पण ऐकायला लागले की तसंच वाटायचं. शब्द नसलेल्या त्या तबकडीतून चार माणसं हळूहळू बाहेर येत होती, आणि मी मांडवात वीस वर्षं आवाज लावणारी बाई, मला आवाज ऐकता येत नव्हता हे मला तेव्हा कळत होतं.

माझी मुलगी नागपूरला शिकते. तिला कव्हरचा फोटो पाठवला आणि शोध म्हटलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. नेमका बाजाराचा दिवस, मास्तर समोरच होते, मी स्पीकर चालू केला.

‘आई, फार काही नाही सापडत,’ ती म्हणाली. ‘एका माणसाने कुठेतरी चार ओळी लिहिल्या आहेत. हे चौघं एका स्टुडिओत नोकरीला होते. दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवायचे. एक दिवस गाणारा आलाच नाही, वेळ उरला, म्हणून यांनी आपलं आपलं वाजवलं. थोड्याशाच रेकॉर्डा निघाल्या, कुणी घेतल्या नाहीत. नंतर त्यांचं स्वतःचं असं काही आलंच नाही. तिकडे या संगीताला सोल म्हणतात. सोल म्हणजे आत्मा.’

मास्तर पुढे वाकले होते. ‘गानारा नाही आला म्हनून वाजवलं?’

‘हो आजोबा, तसं लिहिलंय.’

मास्तर हसायला लागले. पोट धरून, आवाज न करता. मग डोळे पुसत म्हणाले, ‘आत्मा-गित्मा मी नाही जानत पोरी. जीव म्हन. जीव लावून वाजवलं त्यायनं.’

फोन बंद झाल्यावर ते बराच वेळ कव्हरवरच्या चौघांकडे बघत बसले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी कुणाला सांगितली नसावी. नाटकात एक अंक संपून पडदा पडतो, मागे सामान हलवतात, लोक चहाला उठतात. तेवढा वेळ ऑर्गनवाल्याने काहीतरी वाजवत राहायचं असतं. ते कुणी ऐकत नाही. मास्तर त्या वेळात स्वतःचं वाजवायचे. एक चाल त्यांनी त्याच वेळात बांधली होती, वर्षानुवर्षं, थोडी थोडी.

‘पन पडदा उचलला की थांबाच लागे,’ ते म्हणाले. ‘कधी अर्धी झाली, कधी पाव झाली. पुरी कधीच नाही झाली. पुढं काय आहे हे मले पन पुरं मालूम नाही.’

मी एवढंच म्हटलं, ‘मास्तर, दिवाळीनंतर आपल्या इथल्या प्रतापगडाजवळच्या गावची मंडई आहे. नाटकाचा साऊंड माझाच आहे. दुपारी टेस्टिंगला एक-दीड तास मिळतो. तेव्हा वाजवाल का?’

‘आता कायले?’ ते म्हणाले. ‘बोटं जड झाली.’ पण पुढच्या बाजाराला ते स्वतःच त्यांच्या जुन्या तबलजीला घेऊन आले. तबलजी त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी लहान, अर्जुनीला राहणारा, एका डोळ्याने अधू. त्यालाही मुकी ऐकवली. तो सगळी बाजू ऐकून म्हणाला, ‘ढोलवाला चांगला आहे. मंदी नाही मारत.’ म्हणजे मध्येमध्ये घुसत नाही. त्याच्या तोंडून ही मोठीच शाबासकी होती.

मंडईच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आम्ही तिथे होतो. दुकानं लागली होती, भज्यांचा धूर होता, एका बाजूला दंडार नाचणारे झाडाखाली आराम करत होते. स्टेज उभं होतं, त्याच्यासमोर खड्डा खणून वादकांची जागा केलेली. त्या नाटकाचा ऑर्गनवाला तरुण होता, जुना पायाचा ऑर्गन अजून वापरणाऱ्या थोड्यांपैकी एक. मी त्याला विचारायला गेले, तर मास्तरांना बघून तो उठलाच. पाया पडला आणि म्हणाला, ‘बसा ना मास्तर. तुमचीच जागा आहे.’

मास्तर खड्ड्यात उतरले. ऑर्गनसमोर बसून त्यांनी आधी नुसती हवा भरली आणि सोडली, भरली आणि सोडली. तबलजीने तबला लावला. मी मिक्सरवर दोघांचे माईक उघडले आणि पेनड्राइव्ह रेकॉर्डिंगला टाकला.

सुरुवातीला बोटं खरंच जड होती. दोन सूर एकमेकांत अडकले. मला वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाला उगाच यात ओढलं. भोंग्यांतून आवाज गेल्यावर काही लोक गोळा झाले. ‘नाटक आत्ताच सुरू झालं का?’ एकाने विचारलं. दुसरा ओरडला, ‘गाना म्हना ना बाप्पा कोनी!’ पुढे बसलेल्या एका बाईने मागे वळून त्याला झापलं, ‘वाजवू दे ना त्यायले. तुले काय भार होऊन राह्यला?’

मग चाल सुरू झाली. मी ती आधी ऐकलेली होती. ऐकलेली म्हणजे काय, कितीतरी नाटकांना ती माझ्या कानावरून गेली होती. मुतारीला जाताना, चहा पिताना, कुणाशी बोलताना. सुरुवात मला पाठ होती. आणि मग जिथे दरवेळी घंटा वाजायची, पडदा वर जायचा, ती जागा आली. मास्तरांनी मान वर करून सवयीने पडद्याकडे पाहिलं. पडदा पडलेलाच होता. कुणी उचलणार नव्हतं.

ते पुढे गेले.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. एवढं सांगते, की चाल आधी उतरत होती ती आता चढायला लागली, पण दमादमाने, जंगलातला चढ चढतात तशी, मध्ये थांबून मागे बघत. तबला कमी झाला, मग नुसता एका बोटाचा राहिला. मास्तरांचे पाय मला दिसत होते, अनवाणी, भेगाळलेले, ते एका लयीत वरखाली होत होते आणि त्यांचा चेहरा मात्र नवखा होता. कुणी परक्या गावाच्या रस्त्याने जाताना कसं दोन्ही बाजूंना बघत जातं, तसे ते बघत होते. पुढे काय आहे हे त्यांनाही तेव्हाच कळत होतं. माझा हात मिक्सरवर होता आणि मी एकही बटण हलवलं नाही. एवढं मोठं काही माझ्या वायरींतून जात होतं आणि मला त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं.

लोक किती होते? शंभर तरी असतील. बाकी मंडई आपल्या जागी चालू होती, पाळणा फिरत होता, भजी तळली जात होती. सगळं जग थांबलं वगैरे काही झालं नाही. पण जे बसले ते उठले नाहीत. संपल्यावर टाळ्या यायला वेळ लागला, कारण संपलं हे कुणाला समजलं नाही. समोर कुणी नट नव्हता जो वाकून नमस्कार करेल. मास्तरांनी ऑर्गनचं झाकण हळूच लावलं, तेव्हा लोकांना कळलं.

दोन दिवसांनी ते दुकानात आले. मी रेकॉर्डिंग लावलं. मास्तर ऐकत राहिले, हाताची घडी घालून, परक्या माणसाचं ऐकावं तसे. पन्नास वर्षं वाजवून त्यांनी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. खड्ड्यात बसलेल्याला भोंगे पाठमोरे असतात. आवाज त्याच्या डोक्यावरून लोकांकडे जातो, त्याच्याकडे येत नाही. कुणी कधी कॅसेट केली असेल तर ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

संपल्यावर मी विचारलं, ‘कसं वाटलं?’

‘हा मानूस घाई करून राह्यला,’ मास्तर म्हणाले. मग जरा वेळाने, ‘पन बरा आहे.’ आणि मग एकदम, ‘हे घरी नेता येते का? तिनं कधी ऐकलं नाही.’

तिनं म्हणजे मावशींनी, त्यांच्या बायकोने. मला खरं वाटेना. पण मास्तरांनी हिशेब समजावला तसं पटलं. सगळ्या गावांच्या मंडया दिवाळीनंतरच्या त्याच दिवसांत येतात. त्यांच्या गावची मंडई असली की मास्तर दुसऱ्या गावी खड्ड्यात बसलेले. घरात ऑर्गन कधीच नव्हता, तो मंडळाचा असायचा. आणि कापणी-मळणीच्या दिवसांत घर, गुरं, पोरं सोडून मावशी कुठे नाटकाला जाणार? नवरा चार महिने नाटकात जातो, पेटी वाजवतो, एवढंच मावशींना ठाऊक होतं.

मी माझा बॅटरीवरचा छोटा बॉक्स स्कूटरला बांधला आणि मास्तरांच्या मागोमाग त्यांच्या गावी गेले. मावशी अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होत्या. मला बघून त्यांनी बसायला खाट दिली आणि पाखडत राहिल्या. मास्तर कुडाला जाऊन टेकले. शेवटी मीच सांगितलं, ‘मावशी, मास्तरांनी वाजवलेलं आणलं आहे. ऐकवते.’

‘लाव ना,’ त्या म्हणाल्या. सूप चालूच.

चाल सुरू झाली. सूप चालू होतं. ती जागा आली जिथे पडदा उचलायचा, ती गेली, चाल चढायला लागली. केव्हातरी सुपाचा आवाज बंद झाला होता, पण केव्हा ते मला समजलं नाही, कारण मी मास्तरांकडे बघत होते. ते कुडाला टेकून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते, शाळेत निकाल ऐकायला उभं राहतात तसे.

वाजवणं थांबलं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

‘याच्यासाठी जात होते का तुमी?’ मावशी म्हणाल्या.

मास्तर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले.

‘चार-चार महिने?’

‘हो,’ मास्तर म्हणाले.

‘मंग सांगाचं तर होतं.’

‘सांगून कसं समजते वं?’

मावशींनी यावर विचार केला. त्यांना ते पटलेलं दिसलं. पण पटलं म्हणून सगळं माफ झालं असंही दिसलं नाही. सुपातले तांदूळ त्यांनी टोपलीत ओतले, सूप कुडाला उभं केलं, पदराने हात पुसले आणि माझ्या बॉक्सजवळ येऊन जमिनीवर बसल्या, बॉक्सला पाठ नाही, तोंड करून. ‘अजून लाव,’ त्या मला म्हणाल्या.

मी दुसऱ्यांदा लावलं, मग तिसऱ्यांदा. त्यानंतर त्या म्हणाल्या, ‘हा डबा आजच्या दिवस राहू दे अथी. उद्या येनं-जानं करनाऱ्याच्या हाती पाठवतो.’ मी कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं. त्यांनी ते एकदाच पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

मी स्कूटर वळवत होते तेव्हा मास्तर मागून आले. चेहऱ्यावर हसू होतं, पण पुरतं सावरलेलं नव्हतं.

‘काय झालं मास्तर?’

‘मले विचारून राह्यली,’ ते म्हणाले, ‘तबला कोन वाजवते म्हने. तिले तबला जास्त आवडला.’